उद्याच्या रोगाचे आजचे चित्र

कोकणात कौल लावण्याची रीत जुनी आहे. देवाच्या मूर्तीला कळे चिकटवावेत, मनातला प्रश्न विचारावा, उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार असे समजून घरची वाट धरावी. बल्लाळेश्वराच्या पालीला प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसांची वाण कधीच नव्हती. मुलीचे लग्न, जमिनीचा दावा, मुलाची नोकरी, घरातले दुखणे असे सारे काही त्या देवळाच्या पायरीवर येऊन गेले आहे. कौलाचा गुण असा की, त्याचे उत्तर निःसंदिग्ध असते. विज्ञानाच्या भाकिताला ही सोय नाही. ते ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही, ‘शंभरांत इतके’ एवढेच सांगून थांबते, आणि त्या ‘इतक्यां’चे काय करायचे हे विचारणाऱ्यावरच सोपवते.

स्तनाच्या कर्करोगाबाबत असे एक भाकीत आता यंत्राच्या साह्याने होऊ लागले आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘क्लॅरिटी ब्रेस्ट’ नावाच्या संगणकीय साधनास मान्यता दिली. स्तनाच्या नेहमीच्या क्ष-किरण चित्रावरून, म्हणजे मॅमोग्रामवरून, त्या स्त्रीला पुढील पाच वर्षांत हा रोग होण्याची शक्यता किती, हे ते आकड्यात सांगते. येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. हे साधन चित्रात रोग शोधत नाही. ते काम डॉक्टरांच्या डोळ्यांचे आहे, आणि त्यांच्या मदतीला निराळी यंत्रे आहेत. ज्या चित्रात डॉक्टरांना काहीही वावगे दिसले नाही, तेच निर्दोष चित्र घेऊन हे यंत्र उद्याची जोखीम वर्तविते. आजवर क्ष-किरणाने ‘काय आहे’ ते दाखविले. आता त्याला ‘काय होईल’ असे विचारले जात आहे.

या प्रश्नामागचे शास्त्र मात्र पन्नास वर्षांचे आहे. स्तनात ढोबळमानाने दोन प्रकारचा भाग असतो. एक चरबीचा, दुसरा दुधाच्या ग्रंथींचा आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या तंतूंचा. चरबीतून क्ष-किरण सहज पार होतात, म्हणून चित्रात ती काळपट दिसते. ग्रंथी व तंतू किरण अडवितात, म्हणून ते पांढरे दिसतात. कोणाचे चित्र बहुतांशी काळे असते, तर कोणाचे बहुतांशी पांढरे. पांढरा भाग जास्त असला की स्तन ‘घन’ म्हणायचा. हाताला लागणाऱ्या टणकपणाशी याचा संबंध नाही. घनता केवळ चित्रातच कळते. अडचण अशी की, कर्करोगाची गाठही चित्रात पांढरीच उमटते. घन स्तनात ती शोधणे म्हणजे धुक्यात बगळा शोधण्यासारखे आहे.

१९७६ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन वुल्फ यांनी या चित्रांचे चार वर्ग पाडले आणि असे प्रतिपादन केले की, ज्यांच्या चित्रात पांढरा भाग अधिक, त्यांना पुढे कर्करोग होण्याचा संभवही अधिक. त्यावर टीका झाली. टीकाकारांचे म्हणणे वरकरणी बिनतोड होते: घन स्तनात आज गाठ दिसत नाही, ती दोन वर्षांनी दिसते, आणि मग रोग ‘नव्याने झाला’ असे वाटते, वस्तुतः तो आधीपासूनच होता. हा वाद तीस वर्षे चालला. कॅनडातील नॉर्मन बॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्याचा बराचसा निकाल लावला. ज्यांच्या स्तनाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग घन होता, त्यांची जोखीम, ज्यांचा घन भाग एक-दशांशाहूनही कमी होता त्यांच्यापेक्षा, सुमारे पावणेपाच पट भरली. ही तफावत तपासणीनंतर कैक वर्षे टिकून राहिली. रोग केवळ ‘लपला होता’ एवढ्याने तिचा उलगडा होत नाही. घनता रोगाला लपविते हे खरे, आणि ती स्वतःही जोखमीचे लक्षण आहे हेही तितकेच खरे.

शास्त्रज्ञांत मुरलेले हे ज्ञान सामान्य स्त्रीपर्यंत पोहोचायला मात्र विलक्षण वेळ लागला. नॅन्सी कॅपेलो या अमेरिकन बाई दरवर्षी नेमाने मॅमोग्राफी करून घेत असत. ‘सर्व ठीक’ असा शेरा मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना बळावलेला कर्करोग निघाला. आपला स्तन घन आहे आणि त्यामुळे चित्र फसवे असू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यांच्या खटपटीमुळे २००९ मध्ये कनेक्टिकट राज्याने ही माहिती रुग्णास देण्याचा कायदा केला, आणि १० सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेतील प्रत्येक मॅमोग्राफी केंद्रावर तसे बंधन आले. वुल्फ यांच्या निबंधापासून हे अंतर अठ्ठेचाळीस वर्षांचे! ज्ञान आणि त्याचा वापर यांच्यामध्ये केवढी दरी असते, हे पाहण्यासाठी गरीब देशाकडेच बोट दाखविण्याचे कारण नाही.

घनता ही एकच खूण. नव्या यंत्रांचे वैशिष्ट्य असे की, चित्रात काय पाहायचे हे त्यांना कोणी सांगत नाही. लक्षावधी चित्रे आणि त्यांपैकी कोणत्या स्त्रीला पुढे रोग झाला याची नोंद एवढे संगणकापुढे ठेवायचे. कोणत्या छटेचा, कोणत्या वीणीचा संबंध रोगाशी आहे, हे तो आपले आपण हुडकून काढतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील ॲडम याला आणि रेजिना बार्झिले यांनी रचलेली ‘मिराई’ ही या जातीची प्रणाली २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. बार्झिलेबाईंना स्वतःला २०१४ मध्ये हा रोग झाला होता. त्या अनुभवातूनच त्या या कामाकडे वळल्या. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातील चित्रांवर ‘मिराई’ची परीक्षा घेतली, तेव्हा पुढील पाच वर्षांत ज्यांना रोग झाला, त्यांपैकी सुमारे ४२ टक्के स्त्रियांना तिने आधीच ‘अधिक जोखमी’च्या गटात घातले होते. वय, पाळी, बाळंतपणे, घरातील रोगाचा इतिहास अशा प्रश्नांवर आधारलेल्या जुन्या गणिताला याच परीक्षेत २३ टक्क्यांच्या आसपासच मजल मारता आली.

शंभरांतील दोन

आकडा आकर्षक आहे. म्हणूनच तो जरा उलगडून पाहिला पाहिजे. एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एका तालुक्यातील चाळिशी ओलांडलेल्या एक हजार स्त्रियांची चित्रे घेतली, आणि पुढील पाच वर्षांत त्यांपैकी पाच जणींना हा रोग होणार आहे. यंत्राने सर्वांत वरच्या शंभर जणींना ‘अधिक जोखीम’ असा शिक्का दिला. यंत्राचा दर्जा वर सांगितल्याइतका चांगला असेल, तर त्या शंभरांत होणाऱ्या पाचांपैकी दोघी सापडतील. याचा अर्थ, शिक्का बसलेल्या शंभर जणींपैकी अठ्ठ्याण्णव जणींना पाच वर्षांत काहीही होणार नाही. आणि ज्या नऊशे जणी निश्चिंत मनाने घरी गेल्या, त्यांतूनच उरलेल्या तिघी निघतील.

हे यंत्राचे अपयश नव्हे. शंभरांत दोन आणि नऊशेंत तीन यांत सहा पटींचा फरक आहे, आणि ज्या देशात तपासणीची साधने मोजकी आहेत, तेथे सहा पटींचा फरक फुकट घालविण्यासारखा नाही. पण त्या फरकाला किंमत येते ती पुढच्या पायरीमुळे. शिक्का बसलेल्या शंभर जणींसाठी काही वेगळे करता येत असेल, तरच त्यांना वेगळे काढण्यात अर्थ आहे. नेदरलँड्समध्ये अत्यंत घन स्तन असलेल्या चाळीस हजारांवर स्त्रियांचा जो प्रयोग झाला आणि ज्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यात काही जणींना मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआयची सोय देऊ केली होती. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात अकस्मात उद्भवणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण त्या गटात हजारी अडीच होते. इतरांत ते हजारी पाच होते. तेथे भाकितापाठोपाठ उपाय उभा होता. एरवी नुसते भाकीत म्हणजे अठ्ठ्याण्णव घरांत घोर लावून देणे आहे. आपल्याकडे तर हा घोर त्या बाईपाशी थांबत नाही. मुलीच्या सोयरिकीपर्यंत जातो.

अर्थशास्त्रात माहितीचे मूल्य मोजण्याची एक साधी कसोटी आहे: ती माहिती मिळाल्यामुळे निर्णय बदलतो काय? बदलत नसेल, तर ती कितीही अचूक असली तरी तिचे मोल शून्य. ही कसोटी बोस्टनला लावली तर एक उत्तर येते. सुधागड तालुक्याला लावली तर दुसरे येते.

कोणाची चित्रे?

दुसरा प्रश्न यंत्राच्या शिक्षणाचा आहे. ‘मिराई’ घडली बोस्टनच्या चित्रांवर. तिची पडताळणी स्वीडन आणि तैवान येथे, आणि नंतर अमेरिकेतील आणखी काही रुग्णालयांत, इस्राएलात व ब्राझीलमध्ये झाली. एवढे देश धुंडाळणारी पडताळणी क्वचितच होते, याचे श्रेय त्या संशोधकांना दिलेच पाहिजे. पण त्या यादीत भारतातील एकही रुग्णालय नाही. याला केवळ उपेक्षा म्हणून चालणार नाही. ज्या देशात बहुसंख्य स्त्रिया मॅमोग्राफी करूनच घेत नाहीत, तेथे यंत्राला शिकवायला चित्रे आणायची कोठून?

आणि येथील रोगाची ठेवण निराळी आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षभरात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. अमेरिकेत त्याच वर्षी सुमारे २ लाख ७४ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ४३ हजार मृत्यू. लोकसंख्येच्या मानाने पाहिले तर तेथे रोग आपल्यापेक्षा तिपटीहून अधिक आहे. पण रोग झालेल्यांशी मृत्यूंचे प्रमाण तेथे साधारण सहास एक आणि येथे दोहोंस एक पडते. शिवाय भारतातील रुग्ण पाश्चात्त्य स्त्रीपेक्षा सरासरीने दहाएक वर्षांनी तरुण असते. तरुणपणी स्तन अधिक घन असतो आणि मॅमोग्रामची नजर त्याच वयात मंदावते. ज्या वयात येथील स्त्रीला चित्राची गरज आहे, नेमके त्याच वयात चित्र धूसर, असा हा तिढा आहे.

जोखीम ओळखण्याचा उद्योग मात्र महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली. अशा प्रकारची ती देशातील पहिलीच. डॉ. डी. जे. जसावाला यांनी त्या नोंदींच्या आधारे शहरातील निरनिराळ्या समाजांतील रोगाचे प्रमाण मांडले, तेव्हा पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा ठळकपणे अधिक असल्याचे दिसून आले. उशिरा होणारी लग्ने, अविवाहित राहणाऱ्यांचे प्रमाण आणि थोडी मुले ही त्यामागची कारणे मानली गेली. त्यासाठी कोणाचे चित्र काढावे लागले नव्हते. नाव, वय, पत्ता आणि निदान एवढ्या चार रकान्यांवर काम भागले. पुढे २००२ मध्ये तीस देशांतील ४७ अभ्यासांची एकत्र छाननी झाली. प्रत्येक बाळंतपणामागे जोखीम सुमारे सात टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर बारा महिन्यांमागे आणखी सव्वाचार टक्क्यांहून किंचित अधिक घटते, असे तीत आढळले.

सुधागडच्या वाड्यापाड्यांवरील जुन्या पिढीतील बायकांची चारचार-पाचपाच बाळंतपणे आणि वर्ष-दोन वर्षे अंगावर पाजणे हा त्यांचा नकळत झालेला विमा होता. त्याचा हप्ता त्यांनी दुसऱ्याच रीतीने, आपल्या प्रकृतीने भरला, हे विसरता येत नाही. पण तो विमा आता संपत आला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.७ होते. पालीच्या शाळेतून बारावी होऊन खोपोली-पनवेलकडे नोकरीस जाणाऱ्या मुलीची जोखीम तिच्या आजीची राहिलेली नाही. ती मुंबईकर बाईच्या जोखमीकडे सरकत आहे. म्हणून ‘हा शहरी बायकांचा रोग, आपल्याला काय त्याचे’ हा समज ग्रामीण भागात यापुढे परवडणारा नाही.

वीस वर्षांचा प्रयोग

भाकिताची यंत्रे बाजूला ठेवून, ज्या उपायाची परीक्षा खुद्द मराठी मुलखात झाली त्याकडे आता वळले पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईत एक प्रयोग हाती घेतला. शहरातील वीस वस्त्यांमधील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. त्या वस्त्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन भागांत विभागल्या. एका भागातील स्त्रियांच्या स्तनांची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केली. दुसऱ्या भागात रोगाची माहिती एकदा सांगितली आणि पुढे केवळ नियमित विचारपूस ठेवली. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याचा वीस वर्षे पाठपुरावा करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ते निष्कर्ष जसे आहेत तसेच सांगितले पाहिजेत, कारण उत्साही मंडळी त्यातले निम्मेच सांगतात. हाताने तपासलेल्या गटात रोग बळावलेल्या अवस्थेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते. दुसऱ्या गटात ४७ टक्के. हा लाभ निःसंशय आहे. मृत्यूंचे प्रमाण एकंदरीने १५ टक्क्यांनी कमी भरले, पण संख्याशास्त्राच्या काट्यावर हा फरक थोडक्यात अपुरा पडला. तो योगायोगाचाही असू शकतो. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया वेगळ्या काढून पाहिल्या, तेव्हा मात्र मृत्यूंत जवळजवळ तीस टक्क्यांची घट दिसली आणि ती त्या काट्यावर टिकली. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ ठरविता आला नाही. वयोगटाची ही विभागणी मागाहून केलेली असल्याने तिच्यावर डोळे मिटून भिस्त ठेवणे बरोबर नाही, असे कोणी म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही. तरीही क्ष-किरणाचे यंत्र नाही, वीज नाही, चित्र वाचणारा तज्ज्ञ नाही. केवळ शिकविलेले दोन हात, आणि त्यांच्या बळावर एवढे साधले, ही गोष्ट लहान नव्हे.

या प्रयोगातील आरोग्यसेविका आणि आज गावोगावी असलेली आशाताई यांच्यात मूलतः फरक नाही. फरक आहे तो प्रशिक्षणाचा आणि त्यानंतरच्या देखरेखीचा. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी स्तन, गर्भाशयमुख आणि तोंड यांच्या कर्करोगाच्या तपासणीची चौकट आखून दिली. स्तनाची तपासणी हातानेच, दर पाच वर्षांनी व्हायची आहे. कागदावर हे सारे आहे. मात्र २०१९-२१ च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी झालेल्या स्त्रिया देशभरात शंभरांत एकही भरल्या नाहीत. तो आकडा ०.९ टक्के होता.

आशाताईंच्या हाती जो छापील तक्ता असतो, त्यात गुण देऊन जोखीम ठरविण्याची सोय आहे. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत यांना गुण आहेत. आईवडील वा भावंडांना रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे काय, यालाही गुण आहेत. आईला, मावशीला किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता काय, या प्रश्नाला त्या गुणांत स्थान नाही. स्तनातील गाठ, बोंडीतून रक्तमिश्रित स्राव, आकारातील बदल यांबद्दल पुढील भागात विचारले जाते. पण ती रोगाची लक्षणे झाली, जोखमीची नव्हेत. कोट्यवधींच्या यंत्राकडून जोखमीचे भाकीत मागण्याआधी छापील तक्त्यात एक ओळ वाढविणे सोपे आहे. खर्च म्हणाल तर शाईचा.

आणि तो प्रश्न विचारणेही वाटते तितके सरळ नाही. “काकू, छातीत कुठं गाठबीठ लागते का हाताला?” असे आशाताईंनी ओटीवर विचारावे, आणि पदर सावरीत उत्तर यावे, “नाय गो बाय, मला काय धाड भरलीय!” आत माजघरात सासू, बाहेर पडवीत पुरुषमाणसे; अशा घरात याहून वेगळे उत्तर येणार तरी कसे? हे अज्ञान नव्हे. उत्तर ‘होय’ आले तर पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा त्या बाईने मनाशी केलेला तो चोख हिशेब असतो.

पालीहून पुढे

तो हिशेब असा आहे. सुधागड हा सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या. तेथून पालीला येणे हाच अर्ध्या दिवसाचा उद्योग. पालीहून जिल्ह्याचे रुग्णालय अलिबागला, ते सुमारे साठ किलोमीटर. टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संस्था याच रायगड जिल्ह्यात आहे, हे जिल्ह्याचे भाग्यच. पण तेथे पोहोचायचे तर खोपोली-पनवेलमार्गे दिवस मोडतो. गाठ दिसली की एक फेरी चित्रासाठी, एक अहवालासाठी, एक गाठीचा तुकडा काढण्यासाठी, एक त्याच्या निकालासाठी. आणि मग उपचार ठरविण्यासाठी आणखी. उपचाराच्या खर्चास महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे, हीही मोलाची सवलत. पण बुडालेली मजुरी, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला दिवस, भात लावणीच्या ऐन आठवड्यात घराला लागलेले कुलूप यांना कोणत्याच योजनेच्या कोष्टकात रकाना नाही. निदान पुरे होईपर्यंतचा हा खर्च बाईच्या पदरचा असतो, आणि दहांतील आठ-नऊ गाठी शेवटी निरुपद्रवी निघतात हे तिला कोणी सांगितलेले नसते.

म्हणूनच जोखमीचे चित्र पालीला आणायचे की नाही, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही. फिरत्या गाडीत यंत्र आणून शिबिर भरविणे, फीत कापणे, शंभर बायकांच्या हाती अहवाल देऊन संध्याकाळी गाडी परत नेणे, हे करणे सोपे आहे आणि ते निरुपयोगीही आहे. शिबिरांतून अंगाच्या उष्णतेचे चित्र घेणारी उपकरणेही मिरविली जातात. अशी उपकरणे मॅमोग्राफीला पर्याय होऊ शकत नाहीत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वारंवार दिला आहे. शिबिर उठल्यावर ‘अधिक जोखीम’ लिहिलेला कागद बाईच्या ट्रंकेत जातो, आणि त्याबरोबर भीतीही.

पण या तंत्राचा दुसरा एक उपयोग आहे, आणि तो गरीब मुलखाला अधिक लागू पडतो. भाकिताची चर्चा नेहमी ‘कोणाला धोका अधिक’ या अंगाने होते. ‘कोणाला धोका इतका कमी की तिने वारंवार खेटे घालण्याचे कारण नाही’ हे सांगणारे भाकीत कोणी फारसे मागत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. पन्नाशीच्या बाईचे एकच चित्र घ्यावे आणि ते बहुतांशी काळे निघाले, घरात कोणाला रोग नाही, मुले वेळेवर झाली, तर तिला पुढील कित्येक वर्षे केवळ गावातच आशाताईंच्या वा परिचारिकेच्या हाताच्या तपासणीवर सोडून द्यावे. वाचलेल्या फेऱ्या, वाचलेला तज्ज्ञाचा वेळ आणि एमआरआयची मोजकी सोय ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्या वाट्याला यावी. बोस्टनमध्ये भाकीत तपासण्या वाढविण्यासाठी वापरले जाईल. पालीत त्याने तपासण्यांची नीट वाटणी केली तरी पुष्कळ झाले. अर्थात हा आडाखा तेव्हाच बांधता येईल, जेव्हा येथील स्त्रियांची चित्रे आणि येथील स्त्रियांचे पुढे काय झाले, या दोन्ही गोष्टी एकत्र जुळलेल्या असतील.

यांपैकी चित्रे मिळविणे त्यातल्या त्यात सोपे. यंत्र विकत घेता येते. पाच-दहा वर्षांनी त्याच बाईच्या दारात जाऊन ‘बरी आहेस ना’ असे विचारणारी व्यवस्था मात्र विकत मिळत नाही. ती महाराष्ट्रात एका ठिकाणी उभी राहिली आहे. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने ग्रामीण भागातील देशातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येतील तेव्हा त्यांची नावे टिपायची, ही शहरी पद्धत तेथे चालण्यासारखी नव्हती. कारण रुग्ण दवाखान्यात येतच नसत. म्हणून नोंदणी करणारे कार्यकर्ते बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावे फिरू लागले. गावकऱ्यांना भेटावे, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगावीत, कोणाला तसे काही असल्यास तपासणीस आणावे, आणि मग नोंद करावी, असा क्रम पडला. काही वर्षांनी डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वह्या तपासल्या, तेव्हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्याचे त्यांना दिसले. त्या मधल्या काळात या गावांत नवे यंत्र कोणतेच आलेले नव्हते. नोंदी घेणारी माणसे तेवढी ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा येत राहिली होती.